पाहणारे थोडे असले तरी उमेद सोडू नका
(कोल्हापूर येथे शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजण आता हातातल्या मोबाईलवर शेतीचे व्हिडिओ पाहतात. काहीजण स्वतःही तयार करून यूट्यूबवर टाकतात. कुणी उसाच्या रोप लागणीचा टाकतो, कुणी गुऱ्हाळाचा, कुणी म्हशीच्या गोठ्याचा. सुरुवातीला हौस असते, नवीन काही केल्याचा आनंद असतो. पुढे चार-सहा महिन्यांत बहुतेकांचे काम थंडावते. "कोण बघतंय आपलं?" असे म्हणून मोबाईल खिशात जातो आणि चॅनेल तसेच पडून राहते.

मी स्वतः अडीच एकराचा शेतकरी आहे. ऊस आणि थोडे सोयाबीन-भुईमूग करतो. गेली तीन वर्षे शेतीचे छोटे व्हिडिओ तयार करतो. माझ्या चॅनेलचे सभासद आज सातशेच्या आत आहेत. म्हणजे या क्षेत्रातला मी अल्पभूधारकच म्हणायचा. मीही मध्ये सात महिने काम बंद ठेवले होते. ते का बंद पडले आणि पुन्हा कसे सुरू झाले, हे सांगितले तर तुमच्यापैकी कुणाच्या तरी उपयोगी पडेल, एवढ्यासाठी उभा आहे.

निरुत्साह कशाने येतो?

पहिले कारण म्हणजे आकड्यांकडे सारखे पाहणे. व्हिडिओ टाकला की तासाभरात किती जणांनी पाहिला, हे आपण पाहतो. रात्री झोपताना पाहतो, पहाटे धार काढण्याआधी पाहतो. आकडा हलला नाही की मन खट्टू होते. उसाची लागण केल्यावर आपण रोज माती उकरून कांडीला डोळा फुटला का, हे बघत नाही. उगवणीला महिना-सव्वा महिना द्यावा लागतो, हे आपल्याला ठाऊक असते. आडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. एवढा धीर धरणारे आपण, व्हिडिओच्या बाबतीत मात्र दुसऱ्या दिवशीच तोडणी मागतो.

दुसरे कारण म्हणजे तुलना. कुठल्या तरी मोठ्या चॅनेलला लाखांनी पाहणारे असतात. त्यांच्याकडे उडता कॅमेरा, जोडणीला माणसे, सगळा सरंजाम असतो. आपल्याकडे दोन हात आणि एक मोबाईल. बागायतदाराच्या शेजारी जिरायती रानाचे उत्पादन मांडून रडत बसण्यात अर्थ नाही.

तिसरे कारण म्हणजे पैशाची चुकीची अपेक्षा. याचा हिशेब जरा सविस्तर करू.

पैशाचा हिशेब आधी करावा

यूट्यूबच्या जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी चॅनेलला १,००० सभासद हवेत आणि मागील १२ महिन्यांत एकूण ४,००० तास व्हिडिओ पाहिले गेलेले असावे लागतात. दुसरा मार्ग आखूड, उभ्या व्हिडिओंचा आहे. त्यासाठी ९० दिवसांत ते एक कोटी वेळा पाहिले जावे लागतात.

४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. आपला व्हिडिओ पाहणारा माणूस सरासरी तीन मिनिटे थांबला, असे धरले तर वर्षात ८०,००० वेळा आपले व्हिडिओ पाहिले गेले पाहिजेत. एका व्हिडिओला २०० वेळा पाहणारे मिळत असतील, तर ४०० व्हिडिओ लागतील. म्हणजे वर्षभर रोज एक करूनही पुरे पडणार नाहीत. हे शेती सांभाळून होणारे काम नाही.

हे मी नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. ज्या उत्पन्नाचा भरवसा नाही, त्यावर घरखर्च आणि सोसायटीचा हप्ता बेतू नये, एवढेच सांगायचे आहे. कुणाला पुढे पैसे मिळालेच, तर ते आंतरपिकाचे उत्पन्न समजावे. मुख्य पीक शेतीच. कर्ज काढून कॅमेरा घेऊ नये. आहे त्या मोबाईलवर काम भागते.

त्रेचाळीस जणांनी पाहिलेला व्हिडिओ

मग हे करायचे कशासाठी? माझा एक अनुभव सांगतो.

हुमणीने आपल्या भागातील उसाचे किती नुकसान होते, हे तुम्हाला सांगायला नको. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभळीसारख्या झाडांवर पाला खायला जमतात. तिथेच त्यांचे मीलन होते. नंतर मादी जमिनीत पन्नास-साठ अंडी घालते. जुलैनंतर आपण पिवळा पडलेला ऊस उपटून अळी शोधतो, तोवर उशीर झालेला असतो. भुंगेरे त्या चार-आठ संध्याकाळीच गोळा करून मारले पाहिजेत. शिवाय ते साऱ्या शिवाराने मिळून केले पाहिजे. एकट्याने केले तर शेजारच्या रानातून पुन्हा येतात.

दोन वर्षांपूर्वी वळीव पडला, त्याच संध्याकाळी मी बांधावरच्या बाभळीखाली उभा राहून व्हिडिओ काढला. घरच्यांनी बॅटरी धरली. फांदी हलवली, खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर पडलेले भुंगेरे दाखवले आणि ते रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकले. सगळा व्हिडिओ अडीच मिनिटांचा. त्यात ना संगीत, ना नटवणूक. तो वस्तीवरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही पाठवला.

आठवड्याने पाहिले तर चॅनेलवर एकूण ४३ जणांनी पाहिला होता. पण दुसऱ्या संध्याकाळी आमच्या पाणंदीला सात-आठ बॅटऱ्या फिरत होत्या. पोरे झाडे हलवत होती, बायका ताडपत्र्या धरून होत्या. तीन संध्याकाळी हे काम चालले. त्रेचाळीस हा आकडा मोबाईलवर क्षुल्लक दिसतो. पण त्या त्रेचाळिसांतले वीसजण एकाच शिवारातले असतील, तर ते शिवार राखायला पुरेसे आहेत.

आपल्या गावच्या माणसाचे मोल

यामागे विस्तार शिक्षणाचे एक तत्त्व आहे. २००६ साली बंगळूर येथे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संशोधन संस्थेत 'डिजिटल ग्रीन' नावाचा प्रयोग सुरू झाला. कर्नाटकातील काही खेड्यांत तिथल्याच शेतकऱ्यांचे साधे व्हिडिओ काढून ते गावातच लहान गटांना दाखवले गेले. नेहमीच्या विस्तार पद्धतीपेक्षा या पद्धतीने सुधारित तंत्राचा अवलंब अनेक पटींनी वाढला. खर्चही कमी आला.

त्या कामात एक गोष्ट वारंवार दिसली. पाहणारे शेतकरी आधी विचारत, "हा कोण? कुठल्या गावचा?" माणूस आपल्यासारखा आहे, त्याचे रान आपल्यासारखे आहे, हे पटले की मग ते तंत्राकडे लक्ष देत. दुसरी गोष्ट अशी की नुसता व्हिडिओ लावून दिल्याने काम झाले नाही. गावातला एखादा माणूस मध्येच तो थांबवून प्रश्न विचारी, शंका घेई, चर्चा घडवी. तेव्हा त्याचा परिणाम झाला.

म्हणजे मोठ्या चॅनेलला जे साधत नाही, ते छोट्याला साधते. लाखांनी पाहणाऱ्याला शिरोळची चोपण जमीन आणि गगनबावड्याची तांबडी जमीन एकाच वाक्यात सांगून मोकळे व्हावे लागते. तुम्ही मात्र "आमच्या मळीच्या रानात वाफसा चौथ्या दिवशी आला" असे सांगू शकता. तुमच्या शेजाऱ्याला नेमके तेच हवे असते.

माझी चूक

आता जे सांगायला जड जाते, ते सांगतो.

माझा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ उसातील तणनाशकाचा होता. त्याचे नाव मी मुद्दाम भडक ठेवले होते. आकडा रोज वाढत होता आणि मी हवेत होतो. अकराव्या दिवशी दुसऱ्या तालुक्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला. "दादा, तुमचा व्हिडिओ बघून फवारलंय. ऊस पिवळा पडलाय. आता काय करायचं?"

मी घाईने माझाच व्हिडिओ पुन्हा लावला. शिफारस हेक्टरी होती. बोलण्याच्या ओघात मी ती एकरी सांगितली होती. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणजे मी अडीचपट मात्रा सांगितली होती.

त्यांना मी लगेच कृषी महाविद्यालयातील तज्ज्ञांशी जोडून दिले. त्यांच्या सल्ल्याने वागून ऊस वाचला, पण वाढ महिनाभर खुंटली. आणखी किती जणांनी तसेच फवारले असेल आणि फोन केला नसेल, हे मला आजही माहीत नाही. मी व्हिडिओ काढून टाकला आणि चॅनेलही बंद केल्यासारखेच झाले. कमी पाहणाऱ्यांमुळे येणारी मरगळ मी सोसली होती. पण जास्त पाहणाऱ्यांमुळे आलेल्या या शरमेने सात महिने तोंडातून शब्द निघेना.

पुन्हा सुरुवात झाली ती त्याच शेतकऱ्यामुळे. तोडणीच्या सुमारास त्यांचा फोन आला. माझ्या पोटात गोळा आला. ते म्हणाले, "ऊस गेला कारखान्याला. तुमचं बंद का झालंय? ते चुकलेलं बरोबर करून टाका की. दुसऱ्याचं तरी वाचंल."

त्या रात्री मी 'माझी चूक' अशा साध्या नावाने व्हिडिओ केला. चूक काय झाली, ती कशी टाळावी, हेक्टरचे एकर कसे करावेत, हे सांगितले. पाहणारे जुन्याच्या दहाव्या हिश्शानेही नव्हते. पण त्या दिवसापासून मी आकडे पाहून खूश किंवा नाराज होणे सोडले. आकडा मोठा असणे म्हणजे काम चांगले असणे नव्हे, हे मी अंगावर घेऊन शिकलो.

हे गणित तुम्हीही पक्के करा. पाचटाचे उदाहरण घेऊ. उसाचे पाचट हेक्टरी ८ ते १० टन मिळते. खोडव्यात ते न जाळता सरीत दाबून कुजवण्यासाठी हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू वापरण्याची शिफारस आहे. एकराला ते अनुक्रमे ३२, ४० आणि ४ किलो होतात. व्हिडिओत दोन्ही आकडे सांगावेत आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवावेत.

कोल्हापूरचा जुना धडा

आपण कोल्हापूरचे लोक. हलत्या चित्रांचे वेड आपल्या मातीला नवे नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे कारागीर. चित्रपट पाहून त्यांना तो स्वतः काढण्याची ओढ लागली. कॅमेरा विकत आणण्याची ऐपत नव्हती, तेव्हा तो आपणच बनवायचा, असे त्यांनी ठरवले. काम अर्धवट असताना १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी ते सोडले नाही. हाताने घडवलेला कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला. पुढे १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. त्यात सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कथा होती आणि तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

बाबूराव थोर कलावंत होते. आपली त्यांच्याशी बरोबरी नाही. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. साधन अपुरे असताना ते हाताने काम करत राहिले. आणि देवादिकांच्या कथा चालत असताना त्यांना शेतकऱ्याचे दुःखही दाखवण्याजोगे वाटले. आज कॅमेरा आपल्या खिशात आहे. दाखवण्याजोगे काय आहे, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला. तेव्हा पाणी दाखवणारे पुष्कळ होते. पाणी ओसरल्यावर बुडालेल्या उसाचे काय करायचे, हे दाखवणारे थोडे होते. ती जागा आपली आहे.

उमेद टिकवण्यासाठी काय करावे?

अनुभवावरून काही सूचना करतो.

१. हंगामाचा करार करावा. बारा व्हिडिओ होईपर्यंत चॅनेल चालले की नाही, याचा निकाल लावू नये. बारा झाल्यावर शांतपणे बसून विचार करावा.

२. पिकाचे वेळापत्रक हेच व्हिडिओचे वेळापत्रक ठेवावे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू लागण जानेवारी-फेब्रुवारीत. बेणे निवड आणि बेणे प्रक्रियेचा व्हिडिओ लागणीच्या पंधरा दिवस आधी यावा. लागण झाल्यावर आला तर तो फक्त शोभेचा. असे वेळापत्रक असले म्हणजे "आज काय करू?" हा प्रश्न पडत नाही. निम्मा कंटाळा त्या प्रश्नातूनच येतो.

३. आठवड्याला एकच पुरे. कामाच्या धबडग्यात तेही जमणार नसेल, तर सवड असेल त्या दिवशी दोन-तीन काढून ठेवावेत. रोज एक करण्याचा अट्टहास धरणारा लवकर थकतो.

४. एक व्हिडिओ, एक विषय, चार-पाच मिनिटे. सुरुवातीला आपले नाव, गाव, जमिनीचा प्रकार, पिकाची जात, लागणीची तारीख सांगावी. सकाळच्या उजेडात काढावा. वाऱ्याचा आवाज येतो, म्हणून बोलताना वाऱ्याकडे पाठ करावी.

५. मात्रा सांगण्यापूर्वी पडताळून घ्यावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' जवळ ठेवावी. कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय, येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र, पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र ही आपल्यासाठीच आहेत. औषधाच्या डब्यावरील लेबल वाचल्याशिवाय एकही आकडा तोंडातून काढू नये.

६. एक वही घालावी. त्यात चार रकाने पाडावेत: तारीख, विषय, कुणी काय विचारले, कुणी करून पाहिले. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. मन उदास झाले की मोबाईल न पाहता ही वही उघडावी. पाहणाऱ्यांचा आकडा आठवड्यातून एकदाच बघावा.

७. सोबती जोडावा. एकजण बोलणारा, एक मोबाईल धरणारा, एक चूक दाखवणारा असे तिघे असले तर काम टिकते. घरातील स्त्रियांना नुसता मोबाईल धरायला लावू नये, त्यांनाही बोलू द्यावे. बियाणे राखणे, जनावरांचे आजारपण, परसबाग यांतले त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

८. शिवीगाळीला उत्तर देऊ नये, शंकेला जरूर द्यावे. चूक दाखवणाऱ्याचे आभार मानून ती उघडपणे दुरुस्त करावी.

९. सगळे बेणे एकाच रानात ठेवू नये. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा खेड्यापाड्यांतील कितीतरी जणांचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. म्हणून आपल्या व्हिडिओची एक प्रत स्वतःजवळ जपावी आणि गावच्या गटाशी प्रत्यक्ष संबंध ठेवावा. महिन्यातून एकदा सोसायटीच्या किंवा दूध संस्थेच्या आवारात पाच-दहा जणांना दाखवून चर्चा करावी.

१०. थकवा आला तर सांगून थांबावे. "तोडणी चालू आहे, महिन्याने भेटू," एवढे म्हटले तरी पुरते. जमिनीलाही विश्रांती लागते. न सांगता थांबलेले काम मात्र पुन्हा सुरू करणे अवघड जाते. सात महिन्यांच्या अनुभवाने सांगतो.

शेवटी

बंधू-भगिनींनो, सगळ्यांनी व्हिडिओ करावेत, असे मी म्हणणार नाही. ज्याला आवड नाही त्याने शेती करावी, तेही थोर काम आहे. पण ज्याने सुरुवात केली आहे आणि पाहणारे कमी म्हणून ज्याचा हात थांबला आहे, त्याला माझी विनंती आहे. घरी गेल्यावर आपला जुना एखादा व्हिडिओ काढा आणि त्याचा आकडा पाहू नका. त्यात सांगितलेले कुणी करून पाहिले का, हे शिवारात जाऊन विचारा. एकाने जरी "होय" म्हटले, तर पुढच्या हंगामाचा पहिला व्हिडिओ त्याच्याच रानात उभे राहून काढा आणि त्यालाच बोलू द्या.

आणि कुणी "चुकलं होतं, भाऊ" असे म्हटले, तर तो व्हिडिओ सर्वांत आधी करा.